वळचणीखालची बोळकी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की विहिरीवर रहाट बसवायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. बायका हातानंच दोर ओढायच्या, आणि दोर वर येईपर्यंत एकमेकींच्या घरची चौकशी करायच्या. लहानांनी पुढं सरकून बसावं. मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल, पण कान इकडं द्यावा, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका मुरमाड माळाच्या कडेला एक गाव होतं. हातभर माती आणि खाली खडक. पाणी होतं, पण ते नेमकं कुठं आहे हे दोघांनाच ठाऊक : एक त्या जमिनीला आणि दुसरं पाणाड्याला. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस. उंबराच्या फांदीचं बेचकं दोन्ही मुठींत धरून तो शेतातून चालायचा. बेचकं जिथं खाली झुकेल तिथं खुंटी ठोकायची आणि खणायला लागायचं.

पाणाड्याला बोलावायची तिकडं एक रीत होती. नुसता निरोप धाडून भागत नसे. आपल्या जमिनीतली तीन मुठी माती एका बोळक्यात भरायची, वर पळसाचं पान बांधायचं, बोळक्याच्या पोटावर चुन्यानं आपल्या घराची खूण काढायची आणि ते पाणाड्याच्या दारात ठेवून यायचं. पाणाड्यानं मातीचा वास घ्यायचा आणि पुढच्या बाजाराच्या आत बोळकं परत करायचं. त्यात पाणी भरून आलं तर समजायचं, पाणाड्या येतोय. पालथं आलं तर समजायचं, त्याला जमणार नाही, दुसरा बघावा. पालथं बोळकं आलं म्हणून कुणी रागवत नसे. घरातली म्हातारी म्हणायची, "चला, कळलं तरी," आणि दुसऱ्याच्या दारात ठेवायला बोळकं उचलायची.

या गावात सटवाजी नावाचा पाणाड्या राहत होता. बायको लवकर वारली होती, घरात एकटाच. पण हुन्नर असा, की दहा कोसांत जोड नव्हती. खोली मोजायची ती पुरुषांत, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीत. ढेकूळ नुसतं नाकाशी धरून सांगायचा, "पाणी सहा पुरुष खोल आहे. गोड आहे. पण वर काळा पत्थर लागेल, पहारी दोन जास्त आणा." आणि तसंच निघायचं.

त्याला एकच हौस होती. शेतातल्या विहिरीवर कुणाचं नाव घालत नसत. पण नवी वस्ती बसली, की तिच्या पहिल्या विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाणी दाखवणाऱ्याचं नाव कोरायची चाल होती. सटवाजीच्या बापानं शंभर विहिरी दाखवल्या आणि त्याचं नाव एका दगडावरही नव्हतं. सटवाजीला वाटायचं, आपलं तरी लागावं. बायका कळशी घेऊन उतरताना रोज त्या नावावर पाय न ठेवता पलीकडं टाकतील, एवढंच.

मग अडलं कुठं? अडलं त्याच्या तोंडाशी.

मरताना बाप सांगून गेला होता, "खात्री नसताना पाणी आहे म्हणू नकोस." सटवाजीनं ते शब्द धरले आणि त्यांच्या आडोशाला बसला. बोळकं आलं की तो ते घराच्या वळचणीखाली ठेवून द्यायचा. माती जरा वाळू दे. आज नाक चोंदलंय. उद्या निवांत बघू. एखादं बोळकं उघडून बघायचाही, आणि माती बोलकी असली तर मनाशी हसायचा, "अरे वा, याच्याकडं तर पाणीच पाणी! चांगली बातमी काही नासत नाही. बाजारात भेटला की सांगू." बाजारात तो भेटायचा नाही, आणि भेटला तर सटवाजीच्या लक्षात राहायचं नाही. बोळकं वळचणीखाली ते वळचणीखालीच. त्याच्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं.

त्याच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं, ठकूकाकूचं घर. काकू साठीच्या पुढची, गुडघ्यानं लंगडी, जिभेनं मात्र ठणठणीत. ओढ्यावरून दिवसाला दोन कळशा आणायची आणि उरलेला वेळ ओट्यावर बसून काढायची. गावातल्या सगळ्यांच्या परड्यांत भोपळ्याचे वेल, वाल, कोथिंबीर. काकूचं परडं तेवढं उजाड, आणि त्याचं कवाड सुंभानं घट्ट बांधलेलं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. चौकशी करायचं काम काकूचं होतं ना. काकूची चौकशी कोण करणार?

काकूचा डोळा सदा सटवाजीच्या दाराकडं असायचा. सटवाजीला ते खुपायचं.

"काकू, माझ्या दारात काय एवढं बघता?"

"बघते कधी उघडतं ते," काकू म्हणायची आणि शेंगा सोलायला लागायची.

आता संशय कसा उगवतो ते सांगते. त्याला खत लागत नाही, पाणी लागत नाही. जिथं कुणी बोलत नाही अशी रिकामी जागा तेवढी लागते.

माळावर तुळाजी आणि त्याची बायको साळू यांचं शेत होतं. त्यांनी बोळकं ठेवलं. एक बाजार गेला. दुसरा गेला.

साळू म्हणाली, "काही कळवलं का हो त्यांनी?"

"नाही."

"काहीच नाही? पालथंसुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना!"

साळू भाकरी थापता थापता थांबली. "मग काहीतरी असणार. पाणी नसतं तर पालथं आलं असतं. पाणी असतं तर भरून आलं असतं. काहीच आलं नाही, म्हणजे त्यांना मातीत भलतंच दिसलंय."

"भलतंच म्हणजे काय?"

"ते मला काय माहीत? पण तुमच्या चुलत्यानं त्या बांधावर शपथ खाल्ली होती ना खोटी?"

तुळाजीनं हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून त्या बांधाजवळून जाताना तो पायातलं पायताण काढायला लागला. आणि खरी गोष्ट अशी, की सटवाजीनं ती माती हुंगली होती. पाच पुरुषांवर पाणी होतं, तेही खडीसाखरेसारखं. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

साळूनं नवं बोळकं भरलं आणि ओढ्यापलीकडच्या गावात म्हादूच्या दारात ठेवलं. म्हादूही पाणाड्याच, पण बेताचा. त्याच्या दहा खड्ड्यांतले चार कोरडे निघायचे. त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत, म्हादू स्वतः पाण्यानं भरलेलं बोळकं हातात घेऊन दारात उभा.

"वहिनी, आधीच सांगतो, मी काही सटवाजी नाही," म्हादू म्हणाला. "माती मला जड वाटतेय, नीट कळत नाही. पण गुरुवारी येतो आणि चालून बघतो. नाही लागलं तर तोंडावर सांगेन."

पहिला खड्डा कोरडा गेला. दुसऱ्याला पाणी लागलं. साळूनं सगळ्या गावाला सांगितलं, "म्हादूभावजींनी दोन खड्डे खणायला लावले, पण माणूस लाखाचा!" कोरडा खड्डा तिनं शेणखताला वापरला आणि म्हादूला पहिल्या पिकाचे हरभरे धाडले.

असं एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. कुणी म्हणे, सटवाजी आता गर्वानं फुगलाय. कुणी म्हणे, त्यानं ओढ्यापलीकडच्या गावाशी संधान बांधलंय, आमचं पाणी लपवून ठेवतोय. एक बाई तर छातीवर हात ठेवून सांगायची, "बोळकी परत देत नाही ना, ती उगाच नाही! अख्ख्या मुलखाची माती घरात साठवून ठेवलीय. मातीवर मंत्र घालतात, ठाऊक आहे का?" सटवाजी बिचारा तेव्हा आत झोपलेला असायचा. पण झोपलेल्याबद्दलच लोक जास्त बोलतात.

हळूहळू बोळकी यायची जवळजवळ थांबली. सटवाजी दोर वळून पोट भरायला लागला. जो हात खडकाखालचा झरा ओळखायचा, तो आता घायपाताचे धागे पिळत बसला.

आणि मग त्याच्याही मनात तेच तण उगवलं.

'माझ्याइतका हुन्नर कुणात नाही,' त्याला वाटलं, 'तरी लोक येत नाहीत. म्हणजे कुणीतरी त्यांना परस्पर वळवतंय.' बाजारात म्हादू हसून रामराम करायचा, तर सटवाजीला वाटे, एवढा गोड का बोलतो हा? कुंभार रस्त्यानं गेला तर वाटे, कोण बोळकं विकत घेतंय हे यालाच आधी कळतं, हाच म्हादूला बातमी देत असेल. आणि समोर ओट्यावर काकू होतीच.

एक दिवस तो रस्ता ओलांडून गेला.

"काकू, खरं सांगा. माझ्याकडं येणाऱ्यांना तुम्ही काय सांगता?"

"विचारतात ते सांगते. घरात आहे का विचारलं तर आहे म्हणते. आजारी आहे का विचारलं तर म्हणते, सकाळीच दोन भाकऱ्या खाल्ल्या, मी बघितल्या."

"माझ्या भाकऱ्या मोजता?"

"दोनच तर असतात, मोजायला काय लागतं?"

"लोकांना म्हादूकडं तुम्हीच धाडता!"

काकूनं सूप खाली ठेवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "सटवाजी, माझ्या तोंडानं लोक गेले असते ना, तर माझ्या तोंडानं परतही आले असते. जा, दोर वळ."

तिचं ते उघडून मिटलेलं तोंड सटवाजीनं बरोबर टिपलं. 'चोराच्या मनात चांदणं,' तो मनात म्हणाला.

त्याच सुमारास बातमी आली. माळाच्या वर, जिथं तीन वाटा मिळतात, तिथं नवी पेठ बसणार. चाळीस घरं आपापलं सामान घेऊन येऊन राहिली आहेत. पाणी मिळालं तर राहतील, नाही तर पावसाआधी उठून जातील. पेठेची पहिली विहीर कोण दाखवणार?

सटवाजीची झोप उडाली. हीच ती पायरी! बेचकं तेल लावून ठेवलं. धुतलेलं धोतर काढून ठेवलं. पेठेचं बोलावणं यायचं तर वाजतगाजत येणार, चार पंच येणार, बोळक्यावर हळदकुंकू असणार. तो कान देऊन बसला. ढोल काही वाजला नाही. एक बाजार गेला, दोन गेले, बघता बघता आठ गेले.

"चोरलं!" सटवाजी म्हणाला. "माझं बोळकं कुणीतरी दारातून उचललं. आता चोर पकडल्याशिवाय राहत नाही."

आपल्याच दारावर पाळत ठेवायची, तर समोरच्या घरासारखी जागा नाही. आणि समोर तर त्याची संशयित! तरी गेला.

"काकू, तुमच्या गोठ्यात कडब्यामागं मला बसू द्या. चार दिवस."

"म्हशीला विचार," काकू म्हणाली. "जागा तिची आहे." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कडब्याच्या दोन पेंढ्या बाजूला सारून बसायला जागा केली होती. वर ताकाचा गडवाही ठेवला होता. सटवाजीनं ताक आधी हुंगलं. माती असती तर सगळं कळलं असतं. ताकातलं काही कळेना. तहान लागली तेव्हा पिऊन टाकलं.

पहिल्या दिवशी एक म्हातारा आणि त्याची सून आली. सुनेच्या हातात बोळकं. काकू ओट्यावर शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. दोघं दारापर्यंत गेली. सून बोळकं ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"मामंजी, हे बघा."

"काय गं?"

"माशाची खूण. हे आपल्या मावशींचं बोळकं. त्यांनी मागच्या उन्हाळ्यात ठेवलं होतं."

म्हाताऱ्यानं वळचणीखाली नजर टाकली. एकावर एक बोळकी रचलेली. कोळ्यांनी जाळी विणलेली. एका बोळक्यातल्या मातीत तर आघाडा उगवून फुलावर आला होता.

"मावशी अजून वाट बघतेय," म्हातारा म्हणाला. "चल पोरी."

आणि दोघं निघून गेली. कुणी बोलावलं नाही, कुणी खूण केली नाही. सटवाजी स्वतःशीच म्हणाला, 'असं होतं कधीकधी. उद्या सापडेल.'

दुसऱ्या दिवशी एक तरणा माणूस आला. त्यानं बोळकं दारात ठेवलं, हात जोडले आणि वळला. दहा पावलं गेला. थांबला. मागं वळून त्या ढिगाकडं बघितलं, परत आला आणि आपलं बोळकं उचलून काखेत मारलं. सटवाजीनं कडब्यातून मान बाहेर काढून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. रस्ता रिकामा. काकूसुद्धा कळशी घेऊन ओढ्यावर गेलेली. पण संशयाची सवय वाईट. 'नजरबंदी असेल,' तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी काठी टेकत आली. इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, हाक मारली नाही. सरळ वळचणीखाली वाकली, चार बोळकी बाजूला केली आणि पाचवं उचलून पदराखाली घेतलं.

"सापडली!" सटवाजी कडबा उधळत बाहेर आला. म्हैस दावं तोडून उभी राहिली. काकू ओट्यावरून उठली. सटवाजीनं म्हातारीची वाट अडवली. "माझ्या दारातली बोळकी चोरतेस? कुणी धाडलं तुला? म्हादूनं?"

म्हातारीनं त्याच्या केसांतला कडबा बघितला. मग शांतपणे बोळकं पुढं केलं. त्याच्या पोटावर चुन्याच्या तीन रेघा होत्या, एकमेकींना मिळालेल्या.

"आपलीच वस्तू आपण नेली तर चोरी होते का रे बाबा? मी वरच्या पेठेची. सगळ्यात म्हातारी म्हणून हे बोळकं माझ्या हातून धाडलं. दोन महिने झाले."

सटवाजीनं आपल्या सवयीनं हेही बोळकं खूण न बघताच वळचणीखाली सारलं होतं. "पेठेचं? पण... ढोल नाही, पंच नाहीत..."

"पाणी मागायला ढोल कशाला? तहान लागलेल्यांची वस्ती ती." म्हातारी काठीवर रेलली. "पहिला बाजार गेला, आम्ही म्हटलं, परगावी गेला असेल. दुसरा गेला, म्हटलं, आजारी असेल. मी स्वतः विचारायला आले. या बाईनं सांगितलं, ठणठणीत आहे, आत आहे. दार वाजवलं. तू आतून म्हणालास, उद्या बघू. तिसरा बाजार गेला, तेव्हा पेठेत कुजबुज सुरू झाली. सटवाजीला मातीत काहीतरी वाईट दिसलंय म्हणे. पाच घरांनी सामान बांधलं आणि मुलंबाळं घेऊन गेली. उरलेली थांबली ती म्हादूमुळं. तो आला आणि म्हणाला, मला नीट कळत नाही, पण मी इथून हलणार नाही."

"मग आता हे बोळकं कशाला हवं?"

"उद्या विहिरीची पूजा. ज्या मातीनं पाणी मागितलं ती माती विहिरीच्या काठाला परत मिळवायची असते. तुला रीत ठाऊक असेल."

सटवाजीनं पळसाचं वाळकं पान फोडलं आणि चिमूटभर माती नाकाशी नेली. डोळे मिटले. एवढी बोलकी माती त्याला जन्मात मिळाली नव्हती. चार पुरुष. गोड. बारमाही. आणि वाट जिथं उतरते तिथं, पिवळ्या खडकाच्या उगवतीला.

"आजी, मला घेऊन चला," तो म्हणाला. "आत्ता."

ती दोघं पेठेत पोचली तेव्हा लोक पूजेच्या तयारीला विहिरीभोवती जमले होते. नऊ पुरुष खोल विहीर, आणि तळाशी मचूळ पाणी. पिता येत होतं, पण डाळ शिजायला वेळ लागायचा. पहिल्या पायरीवर नाव कोरलं होतं, म्हादूचं. अक्षरं वाकडी होती, तरी प्रत्येक बाई उतरताना त्या पायरीला हात लावून हात कपाळाला नेत होती.

सटवाजीनं बेचकं काढलं आणि चालायला लागला. विहिरीपासून साठ पावलांवर, पिवळ्या खडकाच्या उगवतीला, बेचकं असं काही झुकलं की त्याचे दोन्ही तळवे सोलले गेले.

"इथं!" तो ओरडला. "चार पुरुष खणा. गोड पाणी आहे. बारमाही आहे. माझ्या बापाची शपथ!"

कुणी पुढं आलं नाही. लोक त्याच्याकडं बघत राहिले. एखाद्यानं अनोळखी गाठोडं दारात ठेवलं की बघतात तसे.

"आता आठवण झाली?" एक जण म्हणाला.

"नावावर डोळा आहे त्याचा," दुसरा म्हणाला. "म्हादूचं पुसून स्वतःचं घालायचंय."

एक बाई लेकराला कडेवर घेऊन पुढं आली. तिची बहीण त्या पाच घरांत होती, जी उठून गेली. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला ठाऊक होतं, तर तेव्हा का नाही सांगितलं? आणि तेव्हा लपवलंत, तर आता खरं बोलताय कशावरून?"

मी लपवलं नाही, नुसतं सांगायचं राहून गेलं, असं सटवाजी कोणत्या तोंडानं म्हणणार? आणि म्हटलं तरी दोन्हींत पेठेला काय फरक?

म्हादू गर्दीतून पुढं आला. "अरे, याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खणून तरी बघा."

लोकांना म्हादूचं फार कौतुक वाटलं. "बघा, केवढं मोठं मन याचं! वैऱ्यालाही मान देतो!" आणि कुणीही पहार उचलली नाही. त्या जागेवर पुढं त्यांनी बैल बांधायची खुंटी ठोकली. ती खुंटी बरोबर झऱ्याच्या डोक्यावर होती.

सटवाजी घरी आला. दोन दिवस दार लावून बसला. तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि वळचणीखाली बसून एकेक बोळकं झाडायला लागला. जिथं पाणी होतं तिथं पाणी भरलं, जिथं नव्हतं ते पालथं घातलं, आणि कावडीत घालून गावोगाव निघाला. काही दारांत त्याला कळलं, की घर उठून गेलंय. काही ठिकाणी अंगणात म्हादूची विहीर होती. माशाच्या खुणेच्या मावशीनं पालथं बोळकं हातात घेतलं आणि म्हणाली, "नाही का पाणी? बरं झालं बाबा, सुटले. वर्षभर मुलाला दुसरीकडं जमीन बघू देत नव्हते." 'नाही' ऐकून एवढं हलकं झालेलं माणूस सटवाजीनं पहिल्यांदा बघितलं.

ढीग सरत आला. अगदी तळाशी, भिंतीला चिकटलेलं, एक बोळकं निघालं. सगळ्यात जुनं. पान केव्हाच कुजून गेलेलं. चुना पुसट झाला होता, तरी खूण कळत होती : एक सूप.

सटवाजीनं माती हुंगली. मग आत गेला, बोळकं स्वच्छ धुतलं, पाण्यानं काठोकाठ भरलं, आणि एक थेंब न सांडता रस्ता ओलांडला.

ठकूकाकूनं बोळक्याकडं बघितलं. हातातलं सूप तिनं हळूच खाली ठेवलं.

"समोरच्या दारातून इथवर यायला तुला पाच वर्षं लागली रे," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही एकदा तरी बोलायचं! रोज तर समोर बसता."

"काय बोलायचं? पहिल्यांदा वाटलं, आज देशील, उद्या देशील. मग वाटू लागलं, माझ्या परड्यात तुला काहीतरी अशुभ दिसलंय आणि म्हातारीला सांगवत नाही म्हणून गप्प आहेस. मग विचारायचीच भीती वाटायला लागली. पाच वर्षं मी त्या परड्यात पाऊल टाकलं नाही. एक वेल लावला नाही. नुसती तुझ्या दाराकडं बघत राहिले."

सटवाजी तिच्या पायाशी बसला. ज्या डोळ्यांना तो चोराचे समजला, ते गिऱ्हाइकाचे होते. शेजारी सारखी चौकशी करतो म्हणून जग त्याला नावं ठेवतं. पण चौकशी करणारा निदान उत्तराची वाट तरी बघत असतो हो. चौकशी थांबली, की समजावं, माणूस दुसरीकडं गेला.

"पाणी आहे काकू," तो म्हणाला. "तीन पुरुषांवर. इतकं वर, की हातानं ओढाल तरी गुडघा दुखणार नाही."

काकूनं उठून कवाडाचं सुंभ सोडलं. पाच वर्षांची गाठ ती. सुटायला वेळ लागला.

ती विहीर सटवाजीनं स्वतः खणली. तिला पायऱ्या नव्हत्या, म्हणून नाव कोरायला दगडही नव्हता. त्या उन्हाळ्यात काकूच्या परड्यात भोपळ्याला पहिलं फूल आलं. पुढंमागं चारदोन बोळकी सटवाजीच्या दारात आली, आणि संध्याकाळच्या आत परत गेली, कधी भरून, कधी पालथी. वरची पेठ मात्र अजून मचूळच पाणी पिते, आणि तिथून साठ पावलांवर, बैलांच्या खुंटीखाली, गोडा झरा तसाच वाहतो आहे.

म्हणून सांगते, विचारणाऱ्याला 'हो' म्हणा की 'नाही' म्हणा, पण वेळेवर म्हणा. न दिलेल्या उत्तराच्या जागी लोक संशय भरतात, आणि तो एकदा भरला की मागाहून आलेल्या खऱ्यालाही जागा उरत नाही.